धर्माची भांडी

आमच्या घरी भांडी दोन तऱ्हांनी परत यायची. काही घासूनपुसून, उन्हात वाळवून, पातेल्यात पातेलं बसवून यायची. ती भाड्याची. काही खरकटी यायची. तळाला भात चिकटलेला, कडेला आमटीचा तवंग सुकून राहिलेला, आणि पाण्याच्या एखाद्या जगात विडीचं थोटूक. ती धर्माची. भाडं देणाऱ्याला भांडी घासून द्यावी लागत, कारण तशी बोलीच असे. फुकट नेणाऱ्याला कसलीच अट नव्हती. ही अट नसणं हाच आमच्या आण्णांचा मोठेपणा, असं सगळा परिसर मानत होता. मी मानत नव्हते. आता माझ्या डोक्यावर एक काळा केस उरलेला नाही, तरीही मानत नाही.

आण्णा म्हणजे माझे वडील. नारायणगावजवळच्या एका वाडीत रस्त्याला लागून आमचं घर होतं आणि घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मंडप-भांड्यांचं दुकान. बांबू, ताडपत्र्या, सतरंज्या, आणि भिंतीला टेकून उभ्या केलेल्या कढया. दुकान छोटंच, पण तिकडं ओतूर, इकडं कळंब, एवढ्या टापूत लग्न निघालं की आधी आमच्या ओट्यावर माणूस यायचा. वारूळवाडीतली तर अर्धी लग्नं आमच्याच पातेल्यांत शिजली असतील. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. आण्णा, आई आणि मी. भांडी पुढं मावली नाहीत की मागं यायची, आणि मग मी अभ्यासाला बसायचे ती आमटी वाढायच्या वगराळ्यांच्या आणि झाऱ्यांच्या ढिगाशेजारी. रात्री मांजरानं उडी मारली तरी झांजा वाजल्यासारखा आवाज व्हायचा. पाहुण्यांची झोपमोड व्हायची, आमची नाही. आम्हाला शांततेनंच जाग यायची, कारण घर शांत म्हणजे सगळी भांडी बाहेर गेलेली, आणि ती परत येणार.

आण्णांवर अन्याय नको म्हणून मुळापासून सांगते. त्यांचे वडील वारले तेव्हा दहाव्याला कुणा दुकानदाराची भांडी भाड्यानं आणली होती. पंगती उठल्या, आणि तो दुकानदार दारात येऊन उभा राहिला. माझी आजी, दहा दिवसांमागं जिचं कपाळ पुसलं होतं, ती अंगणात कढई घासत बसली होती आणि तो माणूस प्रत्येक पातेलं उलटं करून बूड बघत होता. आण्णांनी ते पाहिलं. स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा त्यांनी ठरवलं की दुःखाच्या घरी भांडी फुकट द्यायची आणि खरकटीच परत आणायची. "ज्या घरात मानूस गेलंय, तितल्या बाईला मी कढई घासाया लावनार न्हाई," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा आवाज जड व्हायचा. हे खरंच चांगलं होतं. दहाव्याच्या भांड्यांबद्दल आईनं कधी चकार शब्द काढला नाही. उलट ती भांडी ती गप्प राहून घासायची, एरवी गुणगुणायची तशी गुणगुणायची नाही.

पण चांगुलपणाची बातमी फार लवकर पसरते. दहाव्याला फुकट मिळतात, तर सप्त्याला का नाही? सप्ताह तर देवाचा. मग शाळेचं गॅदरिंग, डोळे तपासणीचं शिबिर, रक्तदान, वस्तीवरचा गणपती, कुस्त्यांचा आखाडा. एकदा तर कबड्डीच्या सामन्यांच्या खिचडीला आमची कढई गेली. यायचं, ओट्यावर बसायचं, तंबाखू मळायची आणि म्हणायचं, "आण्णा, धर्माचं काम हाय." एवढं म्हटलं की आण्णा लोण्यासारखे वितळायचे. "न्या की राव, इचारताय काय?" आणि न्यायला आलेला माणूस भीत भीत विचारायचा, "घासून आणू ना?" त्यावर आण्णांचं ठरलेलं उत्तर असायचं. "धर्माला अट नसती, भाऊ. तशीच आना." दुःखाच्या घरासाठी केलेला नेम त्यांनी आनंदाच्या घरांनाही लावून टाकला आणि दोन्हींतला फरक त्यांच्या कधी लक्षात आला नाही. कारण फरक कळण्यासाठी हौदाशी बसावं लागतं, आणि आण्णा ओट्यावर बसायचे.

हौद मागल्या दारी होता. तिथं आई आणि मी. राख, नारळाच्या शेंड्या आणि धुण्याचा सोडा. चुलवणावर मोठं पातेलं चढवण्याआधी त्याच्या बुडाला बाहेरून मातीचा लेप द्यायचा असतो, म्हणजे काजळी मातीवर धरते आणि नंतर पाण्यानं सुटून येते. भाड्यानं नेणारे आठवणीनं लेप द्यायचे, कारण घासायचं त्यांनाच असे. फुकट नेणारे कशाला देतील? काळीठिक्कर बुडं यायची. नुसत्या राखेनं ती हलत नसत, मग सोडा. सोड्यानं बुडं निघायची आणि त्याबरोबर हाताची सालंही निघायची. माझ्या तळहाताचा वास मला वर्गात यायचा. शेजारची मुलगी वहीवर अत्तराचा बोळा फिरवायची आणि मी दोन्ही हात बाकाखाली धरून बसायचे. त्या वासाचा राग मला इतकी वर्षं पुरलाय.

कमिटीच्या बैठकासुद्धा आमच्याच ओट्यावर व्हायच्या. उत्सव कमिटीचे अध्यक्ष तात्या. पांढरं धोतर, खिशाला पेन, आणि बोलणं असं की समोरच्याला आपणच मोठे आहोत असं वाटावं. बैठक संपता संपता तात्या नाकानं वास घ्यायचे आणि म्हणायचे, "वैनींच्या हातची मासवडी लई दिस झालं खाल्ली न्हाई." मग आई बेसन हाटायची, ओल्या फडक्यावर थापायची, तीळ-खोबऱ्या-लसणाचं सारण पसरून फडक्यानंच वळवायची, आणि कापलेल्या वड्या अशा एकसारख्या ओळीनं ताटात मांडायची की बघत राहावं. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. कमिटी घाम पुसत जेवायची. गावाचं भलं कसं करायचं ते ठरायचं. हात धुतल्यावर सगळे आण्णांना म्हणायचे, "तुमच्यासारखा मानूस न्हाई." आत चुलीपुढं बसलेल्या बाईला कुणी काही म्हटलेलं मला आठवत नाही. मासवडी चांगली झाली हेदेखील ते आण्णांनाच सांगायचे.

मी अकरावीला होते त्या वर्षीची गोष्ट. सप्त्याच्या थोडं आधी आईच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला नखुरडं झालं. आधी नखाच्या कडेला लाल झालं, तिनं लक्ष दिलं नाही. मग बोट भेंडीएवढं फुगलं, हिरवटपिवळं झालं, आणि ती रात्रभर हात उंच धरून येरझाऱ्या घालायला लागली, तेव्हा मी तिला नारायणगावात डॉक्टरांकडं नेलं. आण्णा कुठल्याशा शाळेत सतरंज्या टाकायला गेले होते. डॉक्टरांनी बोट चिरलं, पू काढला, पट्टी बांधली आणि आईकडं न बघता मला सांगितलं, "ह्या हाताला अजिबात पाणी लागता कामा नये. सोडा-साबण तर नाहीच. हाडापर्यंत गेलं तर बोट काढावं लागेल." आई वाटेत म्हणाली, "डाक्टर लोक भेडवत्यातच." पण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मी घरी येऊन आण्णांना शब्द न् शब्द सांगितला. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्यांनी आईला दुधात हळद घालून स्वतः दिली. आणि दुसऱ्या दिवशी सप्त्याला सगळी भांडी गेली. सगळी म्हणजे अगदी सगळी, दुकानाच्या भिंती उघड्या पडल्या. सप्ताहभर रोज थोडी थोडी खरकटी परत यायची आणि मी कॉलेजला न जाता एकटी घासायचे. शेवटच्या दिवशी, काल्याला, सगळं गाव जेवणार होतं. घराघरांतून भाकरी येणार, कढयांत आमटी शिजणार, वर भात आणि बुंदी. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी भाड्याचं लग्न होतं, म्हणजे सगळी भांडी संध्याकाळपर्यंत लख्ख व्हायला हवी होती. एकट्या माझ्यानं ते होणार नव्हतं. काल्याच्या दिवशी सकाळी मी ओट्यावर जाऊन म्हणाले, "आण्णा, ह्या बारीला भांडी घासून द्याया सांगा. एवढ्याच बारीला."

आण्णा आरशात बघून टोपी नीट करत होते. त्या दिवशी कमिटी त्यांचा जोडीनं सत्कार करणार होती. "अगं, देवाच्या कामाला आता अट घालू? आज? लोक काय म्हनतील?"

"आईचं बोट जाईल, त्याचं काय?"

"तिला कोन हात लावाया सांगतंय?"

खरंच कुणी सांगत नव्हतं. आत आई डाव्या हातानं, ओठ दाताखाली दाबून, लुगड्याच्या निऱ्या घालत होती. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू कढया आल्या की भिजवून ठेव. मी आले की बसते तुझ्यासंगं. उजव्याला पिशवी बांदू पलास्टिकची." मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "मग उद्याचं लगीन काय पत्रावळीवर शिजवायचं?" दोघं गेली आणि मी त्या रिकाम्या दुकानात बसून राहिले. लाऊडस्पीकरवर काल्याचं कीर्तन ऐकू येत होतं. महाराज त्यागावर बोलत होते. मला वाटलं, उठावं आणि त्या वायरी तोडून टाकाव्यात.

दुपार कलली आणि बबनचा ट्रॅक्टर दारात आला. बबन म्हणजे आमच्या शेजारचा, बायकापोरांचा माणूस, स्वभावानं गरीब. ट्रॉली काठोकाठ भरलेली. वरच्या कढईत बुंदीचा पाक दगडासारखा घट्ट झालेला, त्यावर माश्या. खालून आमटी ठिबकत होती. बुडं काळी कुळकुळीत. लेप कुणीही दिला नव्हता. मी एकदा ट्रॉलीकडं पाहिलं. ह्यातलं एक पातेलं जरी खाली उतरलं, तरी आई येऊन त्याला हात घालणार, हे मला ठाऊक होतं.

"मागं फिरव," मी म्हणाले.

"आं?"

"ट्रॅक्टर मागं फिरव. देवळाम्होरं चल."

"अगं पोरी, तितं सत्कार चाललाय."

"म्हनूनच म्हनते."

बबन हसला. मग माझ्याकडं नीट बघितलं आणि हसायचा थांबला. मी चाकावरच्या पत्र्यावर चढून बसले. त्यानं मुकाट्यानं ट्रॅक्टर वळवला.

देवळापुढं आमचाच मंडप, आमच्याच सतरंज्या. स्टेजवर आण्णा फेटा बांधून बसलेले, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. शेजारी आई, डोक्यावरून पदर, पट्टीचा हात पदराखाली लपवलेला. तात्या माइकवर होते. "असा दानशूर मानूस आपल्या गावाला लाभला, ज्येनं आपला-परका म्हटलं न्हाई..." ट्रॅक्टर मंडपाच्या तोंडाशी येऊन धडधडत उभा राहिला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. मी उतरले, ट्रॉलीचं मागचं फाळकं पाडलं आणि हाताला येईल ते ओढायला लागले. आधी एक पातेलं पडलं, मग त्याच्या मागून दहाबारा. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. एवढं सुखाचं काही मी त्या वयात ऐकलं नव्हतं. बबननं इंजिन बंद केलं. मी म्हणाले, आणि माझा आवाज फाटला होता, "ही तुमची भांडी. तुमी जेवलाय, तुमीच घासून द्या. माझ्या आईच्या हाताला पानी चालत न्हाई. तिचं बोट तोडतील."

आण्णा अर्धवट उठले. त्यांचा चेहरा फेट्यासारखाच लाल झाला होता. तात्या मात्र मुरलेले. ते माइकमध्येच हसले. "लेक चिडलीय आण्णांची. खरंय तिचं. आपलीच चूक हाय. महिला मंडळींनी जरा म्होरं यावं, हातासरशी घासून टाका. धा मिंटाचं काम हाय."

मला करायचं होतं एक, आणि झालं हे. बायकांच्या बाजूला हालचाल झाली. पहाटेपासून भाकऱ्या थापून, पंगतीमागून पंगती वाढून, स्वतः सगळ्यात शेवटी गार आमटी जेवलेल्या त्या बायका उठल्या आणि पदर खोचायला लागल्या. एक म्हातारी माझ्याजवळून जाताना पुटपुटली, "कशाला आनलीस गं हितं? आता आमच्या गळ्यात." मी बापयांना लाजवायला आले होते आणि एकही बापया जागचा हलला नव्हता. काही जण पान खात होते. माझ्या हातात तेव्हा वगराळं होतं, आणि ते कुणाच्या डोक्यात घालावं ते मला कळेना.

तेवढ्यात आई स्टेजवरनं उठली. तिनं माइकला हात लावला नाही, पण मंडप एकदम गप्प झाल्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. "बसा गं बायांनो. कुनी उठू नका. सकाळधरनं भाकऱ्या थापल्या त्या काय कमी झाल्या?" मग तात्यांकडं वळून, "तात्या, आमटी वरपनारं सगळं हितंच बसल्यात. त्यांना सांगा की."

"वैनी, आता बापयांनी भांडी घासायची व्हय?" तात्या म्हणाले आणि बापयांच्या बाजूला हशा पिकला.

त्या हशात आण्णा घाईघाईनं आईजवळ आले, तिच्या कानाशी झुकून म्हणाले, "चल घरी. गावाम्होरं तमाशा नगो. आपन घासू तिकडं."

आईनं त्यांच्याकडं मान वर करून पाहिलं. "आपन म्हंजे कोन?"

आण्णा फेटा सावरायला लागले.

"अहो, इचारते मी. आपन म्हंजे कोन?"

हसणं कमी कमी होत थांबलं. आण्णा त्या फेट्यात, त्या शालीत उभे होते. माझ्या वडिलांना मी तेवढं एकटं कधी पाहिलं नाही. मला त्यांची दया आली का? नाही आली. मग त्यांनी नारळ खुर्चीवर ठेवला, शाल काढली आणि स्टेजवरून उतरून देवळाच्या नळाशी पाटावर जाऊन बसले. बबननं पहिली कढई त्यांच्यापुढं ठेवली. त्यांना घासताही येत नव्हतं. काळं बूड सोडून आधी आतून घासायला घेतलं, मग कुणीतरी आणून दिलेला सोडा ओंजळीनं ओतला. बबन बसला, मग हळूहळू आणखी काही जण लाजेकाजेनं आले. तात्यांना कुठंतरी तातडीचं काम निघालं. बायका सतरंजीवर बसून बघत होत्या, आणि आई वर स्टेजवर, खुर्चीत, पट्टीचा हात आता उघडा मांडीवर ठेवून.

पुढं काय झालं तेही सांगते, म्हणजे कुणाचा गोड गैरसमज नको. आईचं बोट वाचलं, पण ते पुन्हा वाकलं नाही. पुढच्या वर्षी सप्त्याला भांडी दुसरीकडून आली. आण्णांनी धर्माच्या भांड्यांना घासून आणायची अट घातली, फक्त दहाव्याची तेवढी सोडून. काही दिवस लोक म्हणाले, आण्णा धंदेवाईक झाला, बायकोच्या ताटाखालचं मांजर झाला. आणि मग लोकांनी त्या दिवसाचीही एक गोष्ट करून टाकली. मागं गावाकडं एका लग्नात एक तरुण पोरगा, कमिटीचा नवा अध्यक्ष, माझ्या पाया पडला आणि डोळ्यांत पाणी आणून सांगायला लागला, "आत्या, आण्णांसारखा मानूस हुनं न्हाई. एवढा मोठा मानूस, पन सत्काराची शाल उतरवून सप्त्याची भांडी सोता घासली." मी त्याला विचारलं, "आणि त्यांच्या बायकोनं वीस वर्षं घासली, ते कुणी सांगितलं का तुला?" तो गोंधळला. त्याला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. एक दिवस घासली तर माणूस संत होतो, आणि आयुष्यभर घासली तर ती बाई असते, एवढंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जेवण तसंच सोडून उठले मी.

काल्याच्या त्या संध्याकाळी मात्र आम्ही तिघं चुलीपुढं जेवायला बसलो होतो. सकाळच्या भाकऱ्या आणि सप्त्याचीच उरलेली आमटी. दुकानात उद्याच्या लग्नाची भांडी लागली होती, बुडं अर्धीमुर्धीच निघालेली. आण्णा माझ्याशी बोलत नव्हते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि एकदम हात मागं घेतला. बोटांची सालं गेली होती, त्यांत तिखट झोंबलं. त्यांनी हात दिव्याकडं करून उलटासुलटा बघितला. मग म्हणाले, "सोडा लई कडक हाय गं."

"तोच हाय," आई म्हणाली. "पयल्यापास्नं तोच हाय."